एकदाच फुलणारा साबुदाण्याचा माड

साबुदाण्याची खिचडी ज्याला ठाऊक नाही असा मुलगा किंवा मुलगी महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. आषाढी एकादशी आली की घरोघरी साबुदाणा भिजत पडतो. पण हा 'दाणा' नेमका कशाचा, असा प्रश्न तुम्ही कधी कोणाला विचारला आहे काय? ज्वारीचा दाणा कणसात भरतो, गव्हाचा दाणा ओंबीत भरतो. साबुदाण्याचे कणीस किंवा ओंबी मात्र कोणी पाहिलेली नाही. याचे कारण अगदी सोपे आहे. साबुदाणा हा मुळी दाणाच नव्हे! तो पेरला तर उगवणार नाही, कारण त्यात अंकुर नसतो. तो शुद्ध पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, माणसाने वळलेला गोळा आहे.

हे पिष्ट मुळात एका माडाच्या खोडातून काढीत असत, आणि जगाच्या एका भागात आजही काढतात. हा माड दहाबारा वर्षे खोडात अन्न साठवतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे पिकली की उभ्याउभ्या वाळून जातो. त्याचे हे फुलणे आणि लाखो माणसांचे जेवण यांचा निकटचा संबंध आहे. तो कसा, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

नावाचा घोटाळा

आधी नावाचा गुंता सोडवू या. मलाय भाषेत या झाडाला आणि त्याच्या पिठाला 'सागु' म्हणतात. त्यावरून हिंदीत सागूदाना आणि आपल्याकडे साबुदाणा हे शब्द आले. या नावाशी निदान तीन वनस्पतींचा संबंध जोडला जातो आणि त्या तिन्ही एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

पहिली वनस्पती म्हणजे खरा साबुदाण्याचा माड. त्याचे शास्त्रीय नाव मेट्रोझायलॉन सागू. ग्रीक भाषेत 'मेट्रा' म्हणजे गर्भ किंवा गाभा आणि 'झायलॉन' म्हणजे लाकूड. ज्याच्या लाकडाच्या आत गाभा आहे तो मेट्रोझायलॉन, असे हे नाव अगदी चपखल आहे.

दुसरी वनस्पती टॅपिओका. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीजांनी ती आपल्या देशात आणली. ती माड नव्हे, झुडूप आहे, आणि तिचे पिष्ट जमिनीखालच्या जाड मुळांत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारा माल बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा धंदा सुरू झाला आणि तेथेच तो वाढला. तुमच्या घरी जो साबुदाणा येतो तो असा टॅपिओकाचा असतो. नाव माडाचे, माल मुळाचा!

तिसरी वनस्पती म्हणजे बागांतून आणि बंगल्यांच्या दारांत शोभेसाठी लावतात ती सायकस. तिलाही इंग्रजीत लोक 'सागो पाम' म्हणतात. पण ती माडाच्या कुळातील नाही. तिला खरे फूलच येत नाही. शिवाय तिच्या बिया विषारी असतात. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

दलदलीतले बालपण

साबुदाण्याचा माड हा न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांकडचा. तेथून तो इंडोनेशिया व मलेशियाच्या इतर भागांत पसरला. न्यू गिनीतील सेपिक नदीच्या काठी, अस्मत लोकांच्या मुलखात, तसेच बोर्निओ बेटावरील सारावाक प्रांतात त्याची वने आणि बागा आहेत. गोड्या पाण्याची दलदल ही त्याची आवडती जागा. जेथे भाताचे रोप कुजेल आणि नारळ पिवळा पडेल, तेथे हा सुखाने वाढतो.

याच्या आयुष्याचे तीन भाग पाडता येतात. पहिली सुमारे चार वर्षे जमिनीवर खोड दिसतच नाही. नुसत्या लांबच लांब झावळ्या जमिनीतून वर आल्यासारख्या दिसतात. या काळात झाड आपला पसारा वाढवते आणि बुंध्याची जाडी तयार करते. माडांच्या खोडाला आंब्याच्या किंवा वडाच्या खोडाप्रमाणे वर्षानुवर्षे लाकडाचे नवे थर चढत नाहीत. म्हणून जितके जाड व्हायचे तितके आधी होऊन घ्यायचे आणि मग उंच व्हायचे, अशीच त्याची रीत असते.

दुसऱ्या भागात खोड वर चढू लागते. साधारणपणे महिन्याला एक नवी झावळ येते आणि खालची एक जुनी गळून पडते. चार ते आठ वर्षांत खोड दहा मीटर किंवा त्याहूनही उंच होते. त्याचा व्यास अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. बाहेरून दोनतीन सेंटिमीटर जाडीची कठीण साल असते आणि आत सगळा मऊ, पांढरट, धाग्यादोऱ्यांचा गाभा. झावळ्यांत सूर्यप्रकाशाच्या मदतीने जी साखर तयार होते, तिच्यातील रोजच्या खर्चाला लागून उरलेला भाग या गाभ्यात पिष्टाच्या रूपाने साठत जातो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हे कोठार हळूहळू भरत जाते.

तिसरा भाग फुलण्याचा आणि फळण्याचा. तो दोन ते तीन वर्षे चालतो आणि त्याबरोबर खोडाचे आयुष्य संपते.

फुलल्यावर मरण का?

येथे तुम्ही विचाराल, "नारळाचा माड तर दरवर्षी फुलतो आणि तरीही साठसत्तर वर्षे जगतो. मग यालाच फुलल्यावर मरण का?"

याचे उत्तर कोंबात आहे. वडाची किंवा आंब्याची एक फांदी तोडली तर दुसऱ्या दहा फुटतात, कारण त्यांच्या अंगावर जागोजागी डोळे असतात. माडाचे तसे नाही. त्याच्या एका खोडाला वाढणारा कोंब एकच आणि तो शेंड्याच्या अगदी आत, झावळ्यांच्या देठांनी लपेटलेला. नारळाचा शेंडा तोडला की माड मेला, हे कोकणातल्या कोणत्याही मुलाला माहीत असते.

आता नारळाची पोय कोठून निघते ते आठवा. ती झावळीच्या बगलेतून निघते. शेंड्यावरचा कोंब त्यात खर्च होत नाही. तो आपला नव्या झावळ्या काढीतच राहतो आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एकेक पोय येत राहते. साबुदाण्याच्या माडात मात्र तो एकुलता एक कोंबच फुलोऱ्यात बदलतो. ज्याच्यापासून पुढच्या झावळ्या यायच्या तोच फुले होऊन गेला! मग नवी झावळ येणार कोठून? जुन्या झावळ्या एकेक करून वाळतात, अन्न तयार करणारे कोणी उरत नाही आणि खोड मरते.

याचे अगदी जवळचे उदाहरण तुमच्या परसात आहे. ते म्हणजे केळ. केळीला एकदाच केळफूल येते, घड पिकतो आणि ती केळ संपते. पण केळीचे बेट काही संपत नाही, कारण बुंध्याशी मुनवे आलेले असतात. साबुदाण्याच्या माडाचेही असेच आहे. त्याच्या बुंध्यापासून पिल्ले फुटतात आणि एक खोड मेले तरी शेजारी दुसरे वाढत असते. म्हणजे खोड मरते, पण बेट जगते. एकदाच फुलून मरणाऱ्या वनस्पतींत बांबूही येतो. पण फुलल्यावर बांबूची सबंध बेटेच्या बेटे वाळून जातात, तसे या माडाचे होत नाही.

फुलोरा आणि फळे

या फुलोऱ्याचा थाट पाहण्यासारखा असतो. शेंड्यावर एक दांडा वर येतो, त्याला बाजूंनी फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी फांद्या फुटतात. माडाच्या डोक्यावर सांबराची भली मोठी शिंगे उगवावीत तसा तो दिसतो. त्याची उंची तीनचार मीटर किंवा अधिकही भरते. त्यावर लाखो बारीक फुले येतात. ती जोडीजोडीने असतात. जोडीतले एक फूल केवळ नर आणि दुसरे उभयलिंगी. फुलांवर मधमाश्या आणि आपल्याकडील पोयाच्या माशीसारख्या डंख नसलेल्या बारीक माश्या घोंघावत असतात.

पुढे फळे धरतात. फळ साधारण लिंबाएवढे, गोल, आणि त्याच्यावर उलट्या बाजूने बसवलेल्या कौलांसारखे चकचकीत खवले! वेताच्या फळावरही असेच खवले असतात. वेत आणि साबुदाण्याचा माड एकाच उपकुळातले आहेत, याची ही खूण. फळे पिकायला दीडदोन वर्षे लागतात. एका माडावर ती काही हजार असू शकतात.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. ही हजारो फळे फोडली तर त्यांतली पुष्कळशी पोकळ निघतात. आत बी नसते. या माडाला स्वतःच्याच परागांपासून बी धरत नाही. जवळपास दुसऱ्या वंशाचा एखादा माड नेमका त्याच दिवसांत फुललेला असला आणि माश्यांनी तिकडचे पराग इकडे आणले, तरच बी धरते. एका बेटातील सगळी खोडे एकाच माडाची पिल्ले असल्यामुळे ती एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. जो माड दहाबारा वर्षांतून एकदाच फुलतो, त्याला बरोबर त्याच वेळी फुललेला परका शेजारी मिळणे ही केवढी दुर्मीळ गोष्ट, याचा अंदाज तुम्ही करू शकाल. आणि बी मिळाले तरी ते ताजे असतानाच रुजते. गव्हाच्या दाण्याप्रमाणे कोठीत ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही.

कुऱ्हाड केव्हा चालवायची?

इतका खटाटोप करण्यासाठी लागणारी शक्ती माड आणतो कोठून? ती तो खोडातल्या कोठारातून काढतो. फुलोरा उभा राहू लागला की गाभ्यातील पिष्टाची पुन्हा साखर होते आणि ती शेंड्याकडे जाऊ लागते. फळे पिकेपर्यंत कोठार रिकामे होते. मागे उरतो तो नुसता चोयट्यांचा, भुसभुशीत गाभा.

तेथील माणसांच्या दृष्टीने खरा पेच येथे आहे. माड फार लवकर तोडला तर कोठार अर्धेच भरलेले असते आणि दहा वर्षांची वाट पाहणे अर्धे वाया जाते. फार उशीर केला तर सगळे अन्न फळांत निघून जाते. फळे तर खाण्याच्या उपयोगाची नाहीत! म्हणून तोडायची योग्य वेळ ओळखणे ही तेथे पोटाची विद्या आहे.

सारावाकमधील मेलानाऊ लोकांनी या अवस्थांना वेगवेगळी नावे दिली आहेत. माडाची वाढ पूर्ण झाली, पण फुलोऱ्याचे चिन्ह नाही, ती 'प्लावेई'. फुलोऱ्याचा दांडा डोकावू लागला की 'प्लावेई मानित'. दांड्याला फांद्या फुटू लागल्या की 'बुबुल'. फुले उमलली की 'आंगाउ मुदा' आणि फळे धरली की 'आंगाउ तुवा'. शास्त्रज्ञांनी पुढे निरनिराळ्या अवस्थांतील खोडे तोडून त्यांतील पिष्ट मोजले. दांडा डोकावण्यापासून फुले उमलेपर्यंतच्या काळात पिष्ट सर्वांत जास्त असते आणि फळे धरू लागली की ते झपाट्याने घटते, असे दिसून आले. प्रयोगशाळेने जे तराजूवर मोजले, ते त्या लोकांनी शेंड्याकडे नजर ठेवून आधीच ओळखले होते. शेंड्यावरच्या नव्या झावळ्या आखूड आणि ताठ येऊ लागल्या, शेंडा फुगल्यासारखा दिसू लागला, की कुऱ्हाडीला धार लावायची!

एका माडाचा हिशेब

आता थोडे गणित करू. चांगल्या भरलेल्या एका माडातून सुमारे १५० ते ३०० किलोग्रॅम कोरडे पिष्ट मिळते. आपण २५० किलोग्रॅम धरू. एक किलोग्रॅम सागूच्या पिठापासून शरीराला सुमारे ३,५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे एका माडात

२५० × ३,५०० = ८,७५,००० किलोकॅलरी.

कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला २,४०० किलोकॅलरी लागतात असे समजू. ८,७५,००० ला २,४०० ने भागल्यास उत्तर येते सुमारे ३६५. म्हणजे एक माड, एक माणूस, एक वर्ष!

हा हिशेब दुसऱ्या एका वाटेने पडताळून पाहता येतो. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनप्रमाणेच स्वतंत्रपणे मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ मोलुक्का बेटांत हिंडला होता. 'द मलाय आर्किपेलॅगो' या १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सेराम बेटावरील सागूचा हिशेब दिला आहे. एका चांगल्या माडापासून १,८०० वड्या होतात, त्यांचे वजन ६०० पौंड, आणि दिवसाला पाच वड्या माणसाला पुरतात. १,८०० ला ५ ने भागा : ३६० दिवस. ६०० पौंड म्हणजे सुमारे २७२ किलोग्रॅम. वॉलेसने वड्या मोजल्या, आपण किलोकॅलरी मोजल्या, आणि उत्तर जवळजवळ एकच आले. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, की ते बरोबर असण्याचा विश्वास वाढतो. भौतिकशास्त्रात आम्ही हेच करीत असतो.

आणि श्रम किती? वॉलेसच्या म्हणण्याप्रमाणे दोन पुरुष पाच दिवसांत माड तोडून पीठ काढतात आणि दोन स्त्रिया आणखी पाच दिवसांत वड्या भाजतात. मात्र एक गोष्ट विसरू नका. सागूत ऊर्जा भरपूर, पण प्रथिने जवळजवळ नाहीतच. म्हणून तेथे सागूबरोबर मासे हवेतच. आपण खिचडीत शेंगदाण्याचे कूट घालतो, ते चवीसाठी असले तरी ही उणीव काही अंशी भरून काढते.

पडलेल्या खोडात तांबड्या सोंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. तेथील लोक त्या आवडीने खातात. त्यांत प्रथिने आणि चरबी असते. हाच भुंगा आपल्याकडे नारळाचा मोठा शत्रू आहे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा खाऊ!

चीक कसा बसतो?

खोडातून पिष्ट काढायची रीत तुम्हांला अनोळखी वाटणार नाही. खोड उभे चिरून आतला गाभा खरवडतात, पाण्यात कालवून मळतात, गाळतात आणि ते दुधाळ पाणी स्थिर ठेवतात. खाली पांढरा थर बसतो. वरचे पाणी ओतून दिले की ओले पिष्ट उरते. कुरडयांसाठी तुमच्या आजी गव्हाचा चीक काढतात तो अगदी असाच. ते ओले पिष्ट चाळणीतून पाडून हलवत राहिले की त्याचे गोळे वळतात, आणि ते गरम करून वाळवले की झाला साबुदाणा.

पिष्ट खाली का बसते? त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते म्हणून. पण किती वेगाने बसते? सागूच्या पिष्टाचा एक कण साधारण ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट व्यासाचा असतो. इतका बारीक कण पाण्यातून पडताना लगेच एका ठरावीक वेगाने पडू लागतो, कारण पाण्याचा विरोध त्याच्या वजनाशी तोल साधतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाचा नियम वापरून हा वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे पाव मिलिमीटर येतो. म्हणजे ३० सेंटिमीटर खोल भांड्यात चीक बसायला १,२०० सेकंद, अर्थात वीस मिनिटे पुरतात. हा वेग कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण निम्म्या आकाराचा असेल तर वेग एक चतुर्थांश होतो आणि वीस मिनिटांची ऐंशी मिनिटे होतात. टॅपिओकाच्या पिष्टाचे कण साधारण निम्म्या आकाराचे असतात. तेव्हा कोणाला अधिक धीर धरावा लागेल, हे तुम्हीच सांगा.

बियांचे काय?

आता मघाचा पेच पुन्हा पाहू. भरपूर पीठ हवे तर माड फुलू द्यायचा नाही. पण माड फुललाच नाही तर बी कोठून येणार? माणसाने ज्या बागा राखल्या आहेत त्यांत माड फळेपर्यंत क्वचितच उभा राहतो. म्हणून लागवड पिल्ले लावूनच होते. यात सोय आहे. आईसारखेच झाड हमखास मिळते. पण धोकाही आहे. सगळी झाडे एकसारखी असली की जो रोग एकाला मारील तो सगळ्यांना मारू शकेल. नवे गुण येतात ते बियांतून, दोन वेगळ्या वंशांच्या मिलनातून. काट्यांचे आणि बिनकाट्यांचे असे या माडाचे दोन प्रकार आहेत. पूर्वी त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. पण एकाच आईच्या बियांतून दोन्ही प्रकारची रोपे उगवतात, असे आढळून आले. बियांत किती विविधता दडलेली असते, याचा हा पुरावा.

ही विविधता आज राहिली आहे ती मुख्यतः न्यू गिनीच्या रानटी वनांत, जेथे काही माड कुऱ्हाडीतून सुटतात, फुलतात आणि बी टाकतात. पण इंडोनेशिया आणि मलेशियात पुष्कळ दलदली चर खणून कोरड्या केल्या गेल्या आणि तेथे तेलमाडाच्या बागा झाल्या. दलदलीतील कुजट माती, जिला पीट म्हणतात, ती कोरडी झाली की खचते आणि पेटतेही. १९९७ आणि २०१५ साली इंडोनेशियात अशा जमिनी आठवडेच्या आठवडे जळत होत्या आणि धुराने शेजारचे देशही झाकोळले होते. साबुदाण्याच्या माडासाठी दलदल कोरडी करावी लागत नाही. म्हणून कित्येक शास्त्रज्ञांचे त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. पण पुढच्या पिढीसाठी चांगले वाण काढायचे तर काही माड फुलण्यासाठी राखून ठेवावे लागतील. सगळेच धान्य दळून खाल्ले तर पेरायला काय उरणार, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याला नवा नाही.

आपल्याकडे काय पाहाल?

साबुदाण्याचा खरा माड आपल्याकडे सहज दिसणार नाही, पण एकदाच फुलून मरणारा त्याचा एक नातेवाईक कोकणात आणि गोव्यात आहे. तो भेरली माड. त्याची पाने माशाच्या शेपटीसारखी कातरलेली असतात. पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, असे काही वर्षे वरून खाली फुलोरे येत जातात. मोकळ्या सोडलेल्या केसांच्या जटांसारखे ते लोंबतात. सर्वांत खालचा फुलोरा फळला की माड संपतो. याच्याही गाभ्यात पिष्ट असते आणि टंचाईच्या काळी लोकांनी ते खाल्ले आहे. त्याच्या फळांना मात्र हात लावू नका. रसाने भयंकर खाज सुटते. त्याच्या शास्त्रीय नावातील 'युरेन्स' या शब्दाचा अर्थच मुळी 'दाहक' असा आहे.

सायकस मात्र शहरातही सापडेल. तिची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. नर झाडाच्या मध्यभागी मक्याच्या कणसासारखा उभा शंकू येतो. मादी झाडावर लोकरीसारख्या लव असलेल्या पानांचा घुमट येतो आणि त्यांच्या कडेला नारिंगी बिया धरतात. मादी झाडाचा कोंब या खटाटोपात खर्च होत नाही. तो त्या घुमटातूनच पुन्हा नवी पाने काढतो. म्हणून सायकस अनेकदा बिया देते आणि जगतेही. १८९६ साली इकेनो या जपानी शास्त्रज्ञाने सायकसच्या नरपेशी चक्क पोहत बीजांडाकडे जातात, असे दाखवून दिले. पण पुन्हा सांगतो, तिच्या बिया विषारी आहेत. 'साबुदाण्याचे झाड' या नावाला भुलून लहान भावंडांनी किंवा घरच्या कुत्र्याने त्या तोंडात घालू नयेत, याची काळजी घ्या.

करून पाहा

१. एक बटाटा किसून पाण्यात कुस्करा, फडक्यातून गाळा आणि उंच पेल्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी तळच्या थराची जाडी मोजा आणि आलेख काढा. थर वाढायचा केव्हा थांबला?

२. त्या थरावर, साबुदाण्यावर आणि केळीच्या खुंटाच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. निळाकाळा रंग आला तर तेथे पिष्ट आहे. हे पदार्थ नंतर खाऊ नका.

३. घराजवळची केळ पाहा. केळफूल आल्यापासून तिला एकही नवे पान येते काय? पहिल्या दिवशी पाने मोजा, दर आठवड्याला पुन्हा मोजा आणि वहीत टिपून ठेवा. त्याच वेळी बुंध्याशी किती मुनवे आहेत तेही लिहा.

ही तिसरी नोंद पूर्ण व्हायला तीनचार महिने लागतील. घड उतरेल त्या दिवशी तुमच्या वहीत पानांचा आकडा उतरत गेलेला आणि मुनव्यांचा वाढलेला दिसेल. साबुदाण्याच्या माडाच्या पंधरा वर्षांच्या आयुष्याची ती लहानशी प्रतिकृतीच तुमच्या हाती आलेली असेल.